परदेशी जाण्यापूर्वी कोणत्या लशी टोचून घ्याव्यात?

परदेशी जाणे ही एके काळी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघालेल्या मोजक्या लोकांची गोष्ट होती. आता ती गावोगावची गोष्ट झाली आहे. नारायणगावकडचा द्राक्षबागाईतदार शेती खात्याच्या अभ्यासदौऱ्यातून हॉलंड नाही तर इस्रायल पाहून येतो. मुलगी अमेरिकेत नांदत असली, की तिच्या बाळंतपणाला आईवडील पाच-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. पुण्यात पदवी घेतलेली मुलेमुली पुढच्या शिक्षणासाठी तिकडच्या विद्यापीठात दाखल होतात. कोणी हजला जातो, कोणी आफ्रिकेत यंत्रांच्या कामावर जातो, आणि पेन्शनीत निघालेले गुरुजी सहकुटुंब केनियाचे हत्ती-सिंह पाहून येतात.

या प्रवासाची तयारी महिनोन् महिने चालते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, गरम कपडे, भाजणीचे पीठ, लोणच्याची बरणी, सारे काही आठवणीने होते. लशीचा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो. मग जो तो आपापल्या परीने सल्ला देऊ लागतो. एक म्हणतो, "काही नको, आम्ही कुठे घेतल्या होत्या?" दुसरा सात-आठ लशींची यादीच हातात देतो. ऐकणारा बिचारा गोंधळून जातो.

खरे सांगायचे, तर परदेशासाठी लागणाऱ्या लशींची सर्वांना लागू पडेल अशी एकच यादी नाही. एकाच विमानातून निघालेल्या दोघांच्या याद्या निराळ्या असू शकतात. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा ती तयार कशी करायची हे समजून घेतलेले बरे. त्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतात. पहिला, कायदा काय मागतो? दुसरा, जिथे जायचे तिथे कोणते रोग आहेत आणि आपण तिथे कसे राहणार? तिसरा, आपल्या शरीरात आधीपासून कोणते संरक्षण आहे? आणि चौथा, आपण कोणाच्या घरात पाऊल टाकणार आहोत? हे चार प्रश्न आपण क्रमाने पाहू.

कायदा काय मागतो?

वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी परदेशी जाताना देवी काढल्याचा दाखला जवळ ठेवावा लागे. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले आणि त्या दाखल्याचे कामच संपले. पटकीच्या लशीचा दाखलाही पूर्वी मागत, तोही नियम गेला. आज आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत नाव घेऊन जिचा दाखला सांगितला आहे, अशी लस एकच उरली आहे. ती म्हणजे पीतज्वराची.

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. आफ्रिकेच्या आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत तो आढळतो. ताप येतो, डोके आणि पाठ दुखते, उलट्या होतात, आणि तीन-चार दिवसांत बहुतेकांना आराम पडतो. पण थोड्या रोग्यांना ताप उलटतो, कावीळ होऊन अंग पिवळे पडते, नाकातोंडातून रक्त जाऊ लागते. या अवस्थेला पोचलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्मे आठ-दहा दिवसांत दगावतात. यावर नेमके औषध नाही. लस मात्र फार चांगली आहे. मॅक्स थायलर या शास्त्रज्ञाने १९३७ साली ती सिद्ध केली आणि त्याबद्दल त्याला १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कोणी विचारील, हा रोग आपल्याकडे नाही, मग आपल्या सरकारला त्याची एवढी काळजी कशासाठी? कारण रोग इथे नसला, तरी तो पसरवणारा डास इथे आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, रांजणात, टाकीत, टायरात साचलेल्या पाण्यात वाढणारा हा एडीस जातीचा डास आपल्या चांगला ओळखीचा आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. म्हणजे गवताची गंजी आपल्या दारातच रचलेली आहे. पेटती काडी तेवढी बाहेर आहे. ती आत येऊ नये एवढ्यासाठी हा दाखला.

ही भीती नुसती कागदावरची आहे असे समजू नका. झिका नावाचा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका नावाच्या रानात एका माकडाच्या रक्तात प्रथम सापडला. तोच विषाणू जुलै २०२१ मध्ये आपल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी आढळला. महाराष्ट्रातली ती पहिली नोंद. झिका पसरवणारा डासही हाच एडीस. युगांडातल्या रानातला विषाणू पुरंदरच्या गावात येऊ शकतो, तर पीतज्वराचा का येऊ नये?

बेलसरचे रक्ताचे नमुने तपासले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. या संस्थेचे आणि पीतज्वराच्या भीतीचे नाते जुने आहे. ती १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने निघाली. पुढे १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे तापाने आजारी पडू लागली. दक्षिण अमेरिकेत रानातल्या पीतज्वराने माकडे अशीच मरतात. तेव्हा तो रोग अखेर हिंदुस्थानात शिरला की काय, अशी धास्ती पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रानात जाऊन शोध घेतला. विषाणू निघाला निराळाच, गोचिडीतून पसरणारा. त्या रोगाला क्यासनूरच्या रानाचे नाव मिळाले. पीतज्वर नव्हता हे नशीब. पण या विषयातली जाणती माणसे एवढी सावध का असतात, हे यावरून कळते.

दुसरे उदाहरण चीनचे. डिसेंबर २०१५ मध्ये आफ्रिकेतल्या अंगोला देशाच्या राजधानीत पीतज्वराची मोठी साथ सुरू झाली. तिथे कामाला गेलेले चिनी कामगार २०१६ मध्ये मायदेशी परतले. त्यांपैकी ११ जणांना पीतज्वर झाल्याचे आढळले. पीतज्वराचे रोगी आशिया खंडात आल्याची ही पहिलीच नोंद. साथ पसरली नाही, पण काडी गंजीपर्यंत येऊन पोचली होती.

आता प्रत्यक्ष नियम. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून भारतात येणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो परदेशी असो वा आपला नागरिक असो, लशीचा दाखला असावा लागतो. नऊ महिन्यांखालील बालकांना यातून सूट आहे. दाखला नसेल, तर त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत माणसाला अलग ठेवता येते. केनियाला सहलीला जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. भारतातून थेट गेलेल्या प्रवाशाला केनियाच्या दारात हा दाखला लागत नाही. म्हणून मंडळी निर्धास्त जातात आणि परतताना मुंबईच्या विमानतळावर अडकतात. युगांडा, घाना, अंगोला यांसारखे देश मात्र आत येणाऱ्या सर्वच प्रवाशांकडे दाखला मागतात. तेव्हा जाणे आणि येणे या दोन्ही बाजूंचा नियम पाहावा. वाटेत कुठे विमान बदलायचे असेल आणि तिथे विमानतळाबाहेर पडायचे असेल, तर त्या देशाचाही विचार करावा.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने नेमलेल्या केंद्रांतच ती टोचतात आणि पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका देतात. तीवर पासपोर्टचा नंबर लिहायचा असल्यामुळे पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो. कुपी एकदा फोडली, की सहा तासांच्या आत संपवावी लागते. त्यामुळे पुष्कळ केंद्रांत ठराविक वारीच, आधी नाव नोंदवलेल्यांना बोलावतात. आज गेलो आणि आज लस घेऊन आलो, असे दर वेळी जमत नाही. शिवाय लस टोचल्यानंतर दहा दिवस गेल्यावरच दाखला लागू होतो. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याचे इथे चालत नाही. एक गोष्ट मात्र सोयीची झाली आहे. पूर्वी हा दाखला दहा वर्षांनी बाद होई. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो, जुने दाखलेसुद्धा.

कायद्याने मागितली जाणारी दुसरी महत्त्वाची लस म्हणजे हजयात्रेकरूंची मेंदूज्वराची लस. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ झाली आणि यात्रेकरूंबरोबर ती देशोदेशी गेली. त्यानंतर सौदी अरबस्तानने ही लस सक्तीची केली. पुढे २००० आणि २००१ साली जंतूच्या निराळ्या प्रकाराने साथ आली, म्हणून आता चार प्रकारांवर चालणारी लस घ्यावी लागते. ती तिथे पोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली हवी. हज समितीमार्फत जाणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिरे भरतात आणि ही लस तिथे देतात. उमराला स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी मात्र आपली सोय आपणच पाहायची असते.

काही देश वेळोवेळी पोलिओच्या लशीचाही दाखला मागतात. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. पण जगातून हा रोग अजून गेलेला नाही, म्हणून हे नियम बदलत राहतात. ज्या देशात जायचे, त्याच्या वकिलातीचा ताजा नियम पाहावा. गेल्या वर्षी शेजारी जाऊन आला, म्हणून त्याचा नियम आपल्याला लागू पडेल असे नाही.

कागद किती काटेकोर असावा लागतो, याचा धडा पुण्यात तयार झालेल्या लशीनेच दिला आहे. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड लस मान्य केली, पण आपल्याकडचे प्रमाणपत्र मान्य केले नाही. त्यावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. पुढे परदेशी जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर पासपोर्टाप्रमाणे जन्मतारीख घालण्याची सोय झाली, आणि ११ ऑक्टोबरपासून कोव्हिशील्ड घेतलेल्या आपल्या प्रवाशांना अलग राहण्यातून सूट मिळाली. दंडात लस खरी, पण कागदावरून खोळंबा. म्हणून दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टाचा नंबर तिथल्या तिथे ताडून पाहावा.

तिथे कोणते रोग, आणि आपण राहणार कसे?

कायद्याचे झाले. पण कायदा मागत नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ होत नाही. इथे दुसरा प्रश्न येतो.

आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या इथिओपियापर्यंत एक आडवा पट्टा आहे. तिथे डिसेंबर ते जून या कोरड्या दिवसांत मेंदूज्वराच्या साथी येतात. या पट्ट्यासाठीच सीरम इन्स्टिट्यूटने एक स्वस्त लस तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो देशात ती मोठ्या प्रमाणावर टोचण्यास सुरुवात झाली. ती मेंदूज्वराच्या 'ए' या एकाच प्रकारावरची होती. हजला लागते ती चार प्रकारांवरची. नाव मेंदूज्वराचेच, पण लस निराळी. म्हणून लस घेताना ती कोणत्या प्रकारावरची, हे विचारायला संकोचू नये.

देश एक असला, तरी राहणी निराळी असते. बँकॉकला चार दिवस हॉटेलात राहून येणाऱ्याला जपानी मेंदूज्वराची लस सहसा लागत नाही. तोच माणूस आग्नेय आशियातल्या भातखाचरांच्या आणि वराहपालनाच्या भागात महिना-दोन महिने राहणार असेल, तर ती घेण्याचा विचार करावा. ऑस्ट्रिया, जर्मनी, चेक प्रजासत्ताक अशा देशांच्या रानांत गोचिडीतून पसरणारा एक मेंदूज्वर आहे. शहरे पाहून परतणाऱ्याला त्याची फिकीर नको. उन्हाळ्यात रानात मुक्काम करणाऱ्याने किंवा तिथे शेतमळ्यावर शिकायला राहणाऱ्याने डॉक्टरांना विचारून घ्यावे. दूरच्या खेड्यात कामाला जाणाऱ्याने पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची लस आधीच टोचून घेतली, तर कुत्रे चावल्यावर धावपळ कमी होते. आधी घेतली असली, तरी चावल्यानंतर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी लागते आणि पुढची इंजेक्शनेही चुकत नाहीत.

एक इशारा देऊन ठेवतो. सर्वच रोगांवर प्रवाशांसाठी लस नसते. आफ्रिकेतला हिवताप फार वाईट असतो. त्यासाठी प्रवाशाने गोळ्या घ्यायच्या असतात. त्या निघण्यापूर्वी सुरू करून, परतल्यानंतरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायच्या. घरी पोचलो, बरे वाटते, म्हणून अर्ध्यावर सोडू नयेत. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे, की मी अमुक देशात जाऊन आलो आहे.

आपल्या अंगात काय आहे?

प्रवासाच्या लशींच्या पुष्कळ याद्या गोऱ्या लोकांच्या देशांत, तिथल्या माणसांसाठी तयार झालेल्या आहेत. त्या जशाच्या तशा आपल्याला लागू पडत नाहीत. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे उदाहरण घ्या. या काविळीचा 'अ' प्रकार आपल्या खेड्यापाड्यांत वाढलेल्या पुष्कळ माणसांना लहानपणीच, कळत-नकळत होऊन गेलेला असतो. त्यांना त्याचे संरक्षण जन्मभर पुरते. उलट, गाळलेले आणि उकळलेले पाणी पिऊन फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला तो झालेला नसतो. मोठेपणी झाला, तर तो जास्त त्रास देतो. म्हणजे खेड्यातल्या आजोबांना ही लस बहुधा नको, आणि पुण्यातल्या नातवाला ती हवी. विषमज्वराचेही तसेच. तो आपल्याकडेच इतका आहे, की युरोपला जायचे म्हणून नव्हे, तर इथे राहायचे म्हणून लस घ्यावी, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी गोष्ट वयाची. सरकारने बालकांच्या लसीकरणाचा मोठा कार्यक्रम १९७८ साली सुरू केला आणि १९८५ पासून तो टप्प्याटप्प्याने सर्वत्र नेला. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांच्या दंडावर देवीचा वण दिसतो, पण घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची बालपणची लस मिळाली असेलच असे नाही. मिळाली असली, तरी तिचा जोर आता ओसरलेला असतो. गोवर मात्र लहानपणी खरोखर येऊन गेला असेल, तर तो पुन्हा सहसा येत नाही.

विद्यार्थ्यांची अडचण आणखी निराळी असते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या लशीचे दोन डोस झाल्याचा पुरावा मागतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास जी लस देतात, ती गोवर आणि रुबेलाची असते. तीत गालगुंड नसते. शिवाय पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस अमेरिकेत धरत नाहीत. त्यामुळे बाळपणी सगळे डोस वेळेवर घेतलेला विद्यार्थीही तिथल्या हिशेबात अपुरा ठरतो. उपाय सोपा आहे. इथेच तिन्ही रोगांवरच्या लशीचे दोन डोस, निदान चार आठवड्यांचे अंतर ठेवून घ्यावेत. तिकडे जाऊन घ्यायचे, तर खर्च पुष्कळ पडतो. धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला यांची लस, 'ब' काविळीची लस, कांजिण्यांची लस, वसतिगृहात राहायचे असेल तर मेंदूज्वराची लस, यांबद्दल प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा तक्ता असतो. तो तक्ता हातात घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

क्षयाच्या चाचणीबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बी.सी.जी. टोचतात. त्यामुळे कातडीवरच्या चाचणीत काही वेळा क्षय नसतानाही फुगवटा येतो आणि मुलगा घाबरून जातो. बी.सी.जी. घेतलेल्यांसाठी रक्ताची चाचणी आहे, तिच्यावर या लशीचा परिणाम होत नाही. ती करून घेता येईल का, असे विचारावे.

जुनी कागदपत्रे हरवली असतील, तर काय करायचे? काही रोगांचे संरक्षण शरीरात आहे की नाही, हे रक्त तपासून कळते. नाही तर लस पुन्हा टोचून घ्यावी. गोवर, कांजिण्यांसारख्या लशींचा एखादा डोस जास्त झाला, म्हणून सहसा अपाय होत नाही.

आपण कोणाच्या घरात पाऊल टाकणार?

हा चौथा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही, आणि आपल्या समाजात तर तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा घ्या. त्यांच्या व्हिसासाठी कोणी लशीचा दाखला मागत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर, काही नको. ज्या देशात जायचे तिथे पाणी स्वच्छ, तेव्हा दुसऱ्याचेही उत्तर जवळजवळ तेच. पण ज्या मांडीवर नवजात बाळ येणार, तिचा विचार केला की उत्तर बदलते.

डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला, तर तो नुसता चिवट खोकला वाटतो. आजी ओवा-हळदीचा काढा घेते आणि कामाला लागते. तोच जंतू महिन्याभराच्या बाळाच्या छातीत गेला, तर त्याचा श्वास अडकतो आणि बाळ दगावूही शकते. अमेरिकेत बाळाला या रोगाची पहिली लस दोन महिन्यांचे झाल्यावर मिळते. तोपर्यंत त्याचे संरक्षण करणार कोण? गरोदरपणात आईने घेतलेली लस, आणि भोवतालची माणसे. म्हणून आजी-आजोबांनी धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकला यांची मोठ्या माणसांसाठी असलेली लस, बाळाला हात लावण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी. हिवाळा तिकडे घालवायचा असेल, तर फ्ल्यूची लसही घ्यावी. पासष्टीच्या पुढे, किंवा मधुमेह अथवा दमा असेल, तर न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. आपण नातवासाठी सोन्याची साखळी नेतो, डिंकाचे लाडू नेतो. त्यांच्याबरोबर ही एक टोचणीही न्यावी.

याची दुसरी बाजूही पाहू. तीच नातवंडे उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या गावी येतात. आपल्याला जे घर, ते त्यांना परदेश. आईबाप इथलेच असल्यामुळे कोणाला प्रवासाची लस आठवत नाही. पण ज्या पाण्याने आपल्याला काही होत नाही, त्याने त्यांना कावीळ किंवा विषमज्वर होऊ शकतो. तेव्हा मुलाला फोनवर येण्याची तारीख विचारताना, "डॉक्टरांना लशींचे विचारलेस का?" हेही विचारावे. सहा महिन्यांपुढचे बाळ येणार असेल, तर वर्षाआधीच गोवराचा एक जादा डोस देण्याची पद्धत आहे, तेही त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारावे. आणि आपण इकडे पाणी उकळून ठेवावे.

केव्हा, आणि कोणी जपून?

डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी निदान सहा आठवडे जावे. विद्यार्थ्यांनी तर सहा-सात महिने आधी, कारण 'ब' काविळीच्या लशीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. पीतज्वर आणि गोवर-गालगुंड-रुबेला यांसारख्या जिवंत पण निर्बळ केलेल्या विषाणूंच्या दोन लशी एक तर एकाच दिवशी, नाही तर चार आठवड्यांच्या अंतराने घेण्याची पद्धत आहे. म्हणून कोणती आधी, कोणती नंतर, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

या जिवंत लशी सर्वांना चालतात असे नाही. गरोदर बाई, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारा माणूस, लहान तान्हे बाळ, यांनी त्या परस्पर घेऊ नयेत. पीतज्वराची लस अंड्यावर वाढवलेली असते. ज्यांना अंडे खाऊन गंभीर त्रास होतो, त्यांनी आधी सांगावे. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना क्वचित गंभीर त्रास होतो. अशांनी ती सहल तेवढी गरजेची आहे का, हाही विचार करावा. लस घेता येत नसेल, तर डॉक्टर तसे लेखी देतात. पण ते पत्र मान्य करणे न करणे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात असते. काही लोक लस न घेता नुसता दाखला मिळवण्याच्या खटपटीत असतात. त्यांना एवढेच सांगायचे, की खोट्या दाखल्याने विमानतळावरचा अधिकारी फसेल, डास फसणार नाही.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना धनुर्वात व घटसर्पाची लस देतात. त्या दिवशी ती तारीख मुलाच्या घरच्या लसीकरण कार्डावरही चढली आहे का, एवढे पाहिलेत तर मोठे काम होईल. बाळपणीचे ते पिवळटलेले कार्ड पेटीच्या तळाशी पडते, कधी वाळवी खाते, कधी रद्दीत जाते. त्याची नक्कल करून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर जपून ठेवावी, असे पालकसभेत सांगा. भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा नकाशा शिकवताना पीतज्वराचा पट्टाही दाखवा. तुमच्या वर्गातले कोण उद्या कुठे जाईल, याचा नेम नाही.

आणि घरोघरी करण्याजोगे एक काम, ज्याला पासपोर्ट लागत नाही. आठवड्यातून एक वार ठरवून रांजण, हौद, कुंड्या, टायर कोरडे करावेत. बाहेरची काडी अडवण्याचे काम दाखला करतो. दारातली गंजी कमी करण्याचे काम आपले आहे.